गोठ्याला नव्या फळ्या: रंग लगेच की पावसाळ्यानंतर?

पऱ्हाटी
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शेतातला जुना गोठा आहे. सांगाडा सागाचा, खांब-तुळया अजून ठणठणीत. पश्चिम आणि दक्षिण बाजूचा पऱ्हाट्यांचा कूड गेला, तिथे आता आडव्या फळ्या ठोकायच्या आहेत. शेतातल्याच निंबाचे आणि बाभळीचे ओंडके दिवाळीनंतर आरा मशीनवर फाडून आणले. फळी १ इंच जाड, ६ इंच रुंद, रंधा न मारलेली. सध्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवली आहे.
रंगारी म्हणतो संक्रांतीच्या आत उरकून टाकू. मशीनवाला म्हणतो फळ्या ठोका, एक पावसाळा तशाच जाऊ द्या, मग रंग द्या. दोघंही आपापल्या कामात मुरलेले. कुणाचं ऐकावं? एकूण क्षेत्र सुमारे ४३० चौरस फूट, बाहेरची बाजू धरून.

कडबाकुट्टी
भो, ढोरेसले रंग दिखस का? चारा टाका पहिले.

भरीत_पार्टी
ढोरेसले नही दिखस, पन पाव्हनासले दिखस ना!

वखारवाला
माझ्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर. ताज्या फाडलेल्या लाकडात पाण्याचं प्रमाण सहज ५० टक्क्यांवर असतं. पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी आधी जातं, तोवर फळी आकसत नाही. सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आलं की पेशीच्या भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून आकसणं, वाकणं, चिरणं सुरू. रंग त्याच्या आधी मारला तर रंगाखाली फळी हलते. रंगाला तेवढं ताणता येत नाही. वर ऊन पडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि फोड येतात.
रंग मारायला फळी १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवी. आपल्याकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ते अवघड नाही. १ इंची फळीला साधारण तीन महिने धरा. बाभूळ दाट असल्याने मागे राहील.

दादर
आमच्याकडे पूर्वापार हेच ऐकत आलोय, नवं लाकूड एक पाऊस आणि एक ऊन खाऊ द्यावं. तेल निघून जातं, लाकूड 'बसतं'. मशीनवाला उगीच नाही बोलत.

सुतारपक्षी
@दादर, वाळवणं वेगळं आणि उन्हापावसात उघडं टाकणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून भिंती सोलून निघतात.
उघड्या फळीवर ऊन पडलं की वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ, अतिनील किरणांनी तुटतं. पावसाने ते धुऊन जातं आणि वर राखाडी, सैल तंतूंची लव उरते. आपण रंग मारतो तो त्या लवेवर. रंग लवेला चिकटतो, पण लवच लाकडाला नीट चिकटलेली नसते. मग पोपडा निघाला की त्याच्या मागे राखाडी तंतू चिकटलेले दिसतात. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने यावर बरंच काम केलंय. उघड्या लाकडाला काही आठवडे ऊन लागलं तरी रंगाची पकड घटते. म्हणून फळी ठोकल्यापासून दोन आठवड्यांत प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, लागायला हवा. त्यापेक्षा उशीर झाला तर पुन्हा घासून ताजं लाकूड काढा.
थोडक्यात, मशीनवाल्याचा 'थांबा' बरोबर, पण थांबायचं थप्पीत, सावलीत. भिंतीवर नाही.

दादर
हे पटण्यासारखं आहे. पण मग सागाचं काय? सागाच्या फळ्या वर्षानुवर्षं उघड्या असतात, काही होत नाही.

सुतारपक्षी
सागाचा गाभा रंगाशिवाय टिकतो, राखाडी पडतो इतकंच. प्रश्न लाकूड टिकण्याचा नाही, रंग टिकण्याचा आहे. सागाला रंग द्यायचाच तर उलटी अडचण. त्याच्या तेलामुळे तेली रंग लवकर सुकत नाही. थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर मारा. दुसऱ्या दिवसापर्यंत तेल परत वर येतं.

निंबाची_काडी
थप्पी कशी लावलीय तेही सांगा. तिथेच निम्मं काम बिघडतं. तळाला वीट किंवा ठोकळे ठेवून जमिनीपासून दीड फूट वर. दोन थरांमध्ये पाऊण ते एक इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या, दर दीड-दोन फुटांवर, आणि प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. पट्ट्या मागेपुढे सरकल्या की फळी तिथे वाकते आणि तशीच वाळते. वर दगड किंवा जुने गर्डर ठेवून वजन द्या. फळ्यांच्या टोकांना जुना ऑइल पेंट, डांबरी रंग किंवा मेण. टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं म्हणून टोकं आधी आकसतात आणि फाटतात. गावाकडे टोकांना शेण लिंपतात तेही याचसाठी.
आणि थप्पी झाकली असेल तर फक्त वरून. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर आत बुरशी येईल.

पऱ्हाटी
थप्पी तशीच आहे, पट्ट्या दर दोन फुटांवर. टोकांना काही लावलं नव्हतं, आज लावतो. बाभळीच्या फळ्यांना टोकाशी दोन-दोन इंच चिरा आल्यात.

वखारवाला
त्या चिरा आता भरून येत नाहीत. ठोकताना टोकाचे तीन इंच कापून टाका. माप आधीच तसं धरा.

रंगाचा_डबा
रंगाऱ्यांची बाजू मांडतो. रंगारी घाई करतो कारण आपल्याकडे रंगाचा हंगाम छोटा आहे. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीला हात लावता येत नाही. ४३-४४ अंशांत ब्रश उचलेपर्यंत रंग ओढू लागतो, पट्टे पडतात, वरची कातडी सुकते आणि खालचा थर ओला राहतो. शिवाय धूळ आणि वावटळी. जूनमध्ये पाऊस. ऑक्टोबर संपल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत काय ते.
डिसेंबर-जानेवारीतही तापीकाठच्या पट्ट्यात, केळीच्या बागांलगत दव पडतं. सकाळी नऊच्या आधी ब्रश हातात घेऊ नका, फळी हाताला कोरडी लागली पाहिजे. चारच्या पुढेही नको, संध्याकाळी पारा झपाट्याने उतरतो आणि ओल्या रंगावर दव बसून चकाकी जाते. भिंतीवर ऊन यायच्या आत किंवा ऊन सरकल्यावर रंगवायचं. म्हणजे तुमची पश्चिम बाजू सकाळी आणि दक्षिण बाजू फळी थंड असेल तितका वेळ.

हिरवी_मिरची
फोड आले तर कारण ओळखायची सोपी युक्ती: फोड ब्लेडने कापा. आत उघडं लाकूड दिसलं तर ओल आतून आली. आत आधीचा रंगाचा थर दिसला तर फक्त वरचा हात उन्हात मारल्याचा परिणाम. पहिल्या प्रकारात वर नुसता रंग देऊन उपयोग नाही, ओल कुठून येते ते शोधावं लागतं.
गोठ्यात ओल आतूनही येते हे विसरू नका. जनावरांचा श्वास, गोमूत्र, रोजचं धुणं. वर छपराखाली चार-सहा इंचांची उघडी फट ठेवा, नाहीतर ती वाफ फळीतून बाहेर निघायला बघते आणि रंग ढकलते.

कडबाकुट्टी
एवढं सगळं करण्यापेक्षा जळकं ऑइल मारा. ट्रॅक्टरचं निघतंच. उधळी लागत नाही, पैसे लागत नाहीत. गावात अर्धे गोठे त्यावरच उभे आहेत.

निंबाची_काडी
गोठ्याला नको. जनावरं फळी चाटतात. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनच्या झिजेचे धातू आणि बाकीचं काय काय असतं. आणि एकदा ते मुरलं की पुढे कुठलाच रंग त्यावर धरत नाही. पुढच्या पिढीला रंगवायची सोय ठेवायची नसेल तर भले मारा.
त्याच कारणाने गोठ्यात जुन्या डब्यातला रंग वापरू नका. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, नियम २०१६ चा आणि लागू नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे डबे माळ्यावर पडलेले असतात. वासरं पोपडे चघळतात आणि शिसं जनावरांना फार लवकर बाधतं.

भरीत_पार्टी
जवसाचं तेल?

सुतारपक्षी
कच्चं तेल सुकायला दिवसेंदिवस घेतं, तोवर त्यावर गोठ्यातली सगळी धूळ बसते. डबल बॉइल्ड घ्या, पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढा. पण बाहेरच्या भिंतीला नुसतं तेल पावसाळ्यात काळं पडतं, बुरशीला ते खाद्यच. दर वर्षी परत द्यायची तयारी असेल तर ठीक.
आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. शेजारी कडब्याची गंजी असेल तर काय होईल ते सांगायला नको. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पऱ्हाटी
पिनवालं मॉइश्चर मीटर मिळालं. निंब २२ ते २४ दाखवतोय, बाभूळ ३० च्या वर. म्हणजे अजून बराच वेळ आहे तर.

वखारवाला
२४ जरा जास्त वाटतंय. सावलीतल्या थप्पीत सहा आठवडे, या हवेत... फळ्यांवर काही मारलंय का? कीड लागू नये म्हणून बोरॅक्स वगैरे?

पऱ्हाटी
हो. मशीनवरून आणल्या आणल्या बोरॅक्स-बोरिकमध्ये बुडवल्या. १०० लिटर कोमट पाण्यात ६ किलो बोरॅक्स, ४ किलो बोरिक ॲसिड. मग तीन आठवडे प्लास्टिकखाली, त्यानंतर पट्ट्या घालून थप्पी. ते लिहायचं राहिलं.

वखारवाला
मग मीटर बाजूला ठेवा. ते लाकडातून वीज किती सहज जाते त्यावरून आकडा काढतं. बोरॅक्ससारखे क्षार असले की वीज सहज जाते आणि आकडा फुगतो. फळी उन्हात तापलेली असली तरी आकडा वर जातो. शिवाय ३० च्या वरचे आकडे कुठल्याही पिनच्या मीटरवर फारसे विश्वासाचे नाहीत. ते मीटर आता फक्त फळी-फळीत फरक बघायला.
खरा आकडा वजनाने काढा. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक इंच लांबीचा तुकडा आडवा कापा (टोकाचा नको, तो आधीच वाळलेला असतो). लगेच १ ग्रॅमच्या काट्यावर वजन. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, मधूनमधून वजन करत, वजन उतरायचं थांबेपर्यंत. मग ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. बरेच जण ओल्या वजनाने भागतात आणि आकडा कमी येतो.

हिरवी_मिरची
बोरॅक्स ओल्या लाकडात मारलं हे उत्तम केलं. रंगाला ओलं लाकूड वाईट, पण बोरॅक्समधल्या बोरॉनला तेच हवं. ते पाण्यातून आत झिरपतं, वाळलेल्या फळीत वरच्या थराच्या पुढे फारसं जात नाही. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला तर भुंगा हमखास लागतो, पिठासारखा भुसा पाडणारा. निंब कडू म्हणून किडत नाही असं समजतात ते फक्त गाभ्याचं.
दोन गोष्टी. बोरॉन पावसाने धुऊन जातं, त्यामुळे वर रंग हवाच. आणि प्राइमरआधी फळीवर पांढरी पावडर आली असेल तर ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. उरलेलं द्रावण केळीत किंवा लिंबाच्या झाडाला ओतू नका, बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.

दादर
८० चा कशाला, १५० ने गुळगुळीत केलं तर रंग चांगला दिसेल ना?

रंगाचा_डबा
दिसेल, धरणार नाही. आऱ्याचा खरखरीत पृष्ठभाग रंगाला फायद्याचा, रंग जास्त लागतो पण पकड आणि थराची जाडी दोन्ही वाढतात. रंधा मारून चकचकीत झालेल्या फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. दोनेक मिनिटांत मुरले तर ठीक, मण्यासारखे उभे राहिले तर घासायला हवं. @पऱ्हाटी, तुम्ही फक्त उभे राहिलेले काटे काढा. रंधा मारूच नका.

निंबाची_काडी
आता ठोकण्याचं. प्राइमर फळी ठोकण्याआधी सहाही बाजूंना. समोर-मागे, दोन्ही कडा, दोन्ही टोकं. टोकांना दोनदा. फक्त समोरून रंगवलेली फळी मागून ओल घेते आणि वाटीसारखी वाकते.
फळ्या एकीवर एक चढवणार असाल तर सव्वा इंच ओव्हरलॅप. प्रत्येक खांबावर फळीला एकच खिळा, ओव्हरलॅपच्या जरा वर, म्हणजे तो खालच्या फळीतून जाणार नाही. दोन फळ्या एका खिळ्यात अडकल्या की आकसताना मधोमध फाटतात. बाभळीला आधी ड्रिल, नाहीतर टोक चिरतं किंवा खिळा वाकतो. खिळे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या. बाभळीत टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, भरपूर, साध्या लोखंडाशी मिळून काळे ओघळ येतात आणि ते रंगातूनही वर येतात.
फळीच्या मागे पाऊण इंच हवेची जागा, खाली जमिनीपासून आठ इंच वर. त्या आठ इंचांत काळ्या दगडाचा किंवा विटांचा ओटा करा. शिंतोड्यांनी सर्वात आधी खालची फळीच कुजते.

सुतारपक्षी
ओव्हरलॅपवरून आठवलं. ओली फळी ठोकून लगेच रंगवली की वर्षभरात प्रत्येक ओळीखाली कोऱ्या लाकडाची पट्टी दिसू लागते. फळी आकसते आणि झाकलेला, न रंगवलेला भाग बाहेर येतो. सागासारख्या कमी आकसणाऱ्या लाकडाचा हिशेब करा: ३० टक्क्यांपासून शून्यापर्यंत आडवी आकस सुमारे ५.८ टक्के. म्हणजे पाण्याच्या दर एका टक्क्याला जवळपास ०.२ टक्के. १५० मिलिमीटरची फळी ३० वरून १० वर आली की ६ मिलिमीटर अरुंद. बाभूळ याहून कमी आकसेल अशी आशा धरू नका.
आणि वाळून झालं तरी हालचाल थांबत नाही. मेमध्ये आपल्याकडे लाकूड ५-६ टक्क्यांपर्यंत कोरडं पडतं, ऑगस्टमध्ये १६-१७ पर्यंत चढतं. हा फरक त्याच फळीला ३ मिलिमीटरचा. म्हणून फळ्या सांध्याला सांधा लावून घट्ट ठोकायच्या नाहीत. उन्हाळ्यात घट्ट ठोकली की श्रावणात भिंत फुगते.

कडबाकुट्टी
ऑगस्टमध्ये माणूस पण फुगतो, पुरणपोळी खाऊन.

पऱ्हाटी
ओव्हनचे आकडे. निंब: १८४ ग्रॅम, कोरडा १५८. बाभूळ: २१२, कोरडी १७६.

वखारवाला
निंब साडेसोळा टक्के, बाभूळ साडेवीस. मीटर किती फेकत होतं बघा. निंब जवळ आलाय, जानेवारीत होऊन जाईल. बाभळीला फेब्रुवारी संपेपर्यंत द्या. आता दर वेळी तुकडा कापायला नको. प्रत्येक जातीच्या दोन अख्ख्या फळ्यांवर खूण करा, दर आठवड्याला काट्यावर ठेवा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की ती हवेच्या बरोबरीला आली.

रंगाचा_डबा
मग रंगाऱ्याला फेब्रुवारीच्या शेवटचा आठवडा सांगा, मार्चच्या मध्यापर्यंत उरका. दोन वेगळ्या तारखांना बोलावलं तर तो येणारच नाही, तेव्हा निंबालाही बाभळीसोबत थांबू द्या.
आधी एका फळीवर हातभर पट्टा प्राइमरचा मारून बघा. रात्रभर सुकू द्या, दुसऱ्या दिवशी त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीसोबत आला तर पृष्ठभाग तयार नाही.
प्राइमर तेली, लाकडाचा. रेड ऑक्साइड नको, ते लोखंडाचं. बाभळीवर पाण्याचा प्राइमर मारला तर टॅनिन विरघळून चहाच्या डागासारखं वर येतं. त्यावर बाहेरच्या कामाचं ॲक्रिलिक, दोन हात. ॲक्रिलिक लाकडासोबत थोडं ताणतं, एनॅमल आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतं. प्राइमरनंतर पहिला हात दोन आठवड्यांच्या आत. गडद चॉकलेटी टाळा, पश्चिमेची भिंत तापून हालचाल वाढते.

पऱ्हाटी
बाईसाहेबांना गडद हिरवा हवाय.

भरीत_पार्टी
धागा बंद करा, निर्णय झालाय.

हिरवी_मिरची
गडद हिरवा दक्षिणेला चालेल जर छपराची वळचण दोन फूट बाहेर असेल. पश्चिमेला फिकट हिरवा. एकाच कार्डावरच्या दोन छटा घ्या.

पऱ्हाटी
वळचण दीड फूट आहे, बघतो पत्रा वाढवता येतो का. शेवटचं: प्राइमर किती आणू? रंगारी १० लिटर म्हणतोय.

रंगाचा_डबा
तो गुळगुळीत फळीचा आणि एकाच बाजूचा हिशेब करतोय. आऱ्याच्या खरखरीत फळीवर लिटरला ५०-५५ चौरस फूटच जातं. ४३० फुटांना एका बाजूला ८ लिटर, मागची बाजू तेवढीच, कडा, टोकं आणि ओव्हरलॅपचे दोन-तीन लिटर. २० लिटरचा ड्रम घ्या. उरलेला झाकण घट्ट लावून ठेवा, पावसाळ्यानंतर खालच्या दोन ओळींना लागेल.